कायरल

सीबीडी बेलापूरहून ठाण्याकडे निघालं की औद्योगिक पट्टा लागतो. १९६०च्या दशकापासून इथे रसायनांचे कारखाने उभे राहिले. औषधं घडवणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाला सतत लागणारा शब्द म्हणजे ‘कायरल’. लॉर्ड केल्विन यांनी तो ग्रीक ‘खेइर’, म्हणजे हात, यावरून घडवला. डावा हात उजव्याचं आरशातलं प्रतिबिंब, पण एकावर एक ठेवले तर जुळत नाहीत. काही रेणूंचंही तसंच. ‘सर्जरी’ याच ‘खेइर’ची लेक. भाषाशास्त्रज्ञ संस्कृत ‘हस्त’ही त्याच मुळाशी जोडतात, म्हणजे आपला ‘हात’ कायरलचा नातलग!

रेणूच्या डाव्या-उजव्या रूपांतला हा फरक नाकालाही कळतो. कार्वोनचं एक रूप बाळंतशेपात, त्याचं प्रतिबिंब पुदिन्यात. औषधात तो जिवावरही बेतू शकतो. साध्या प्रक्रियेत दोन्ही रूपं निम्मी-निम्मी मिळतात. हवं तेच घडवणं म्हणजे असममित संश्लेषण. त्यासाठी बहुतेकदा उत्प्रेरकच कायरल लागतो. विल्यम नोल्स यांनी अशाच उत्प्रेरकाने कंपवातावरचं लेव्होडोपा बनवलं. २००१चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांच्यासह नोयोरी आणि शार्पलेस यांना मिळालं. पुण्यात १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही या विषयावर संशोधन झालं आहे.