मिशिगन सरोवर ते इलिनॉय नदी

शिकागो नदी आणि डे प्लेन नदी यांच्या दरम्यान एक सखल, दलदलीचा भूभाग असून त्याच्या पूर्वेकडील पाणी पूर्वी मिशिगन सरोवरास मिळे, तर पश्चिमेकडील पाणी इलिनॉय व मिसिसिपी या नद्यांच्या वाटेने मेक्सिकोच्या आखातास जाई. १६७३ साली या मुलुखातून परतणाऱ्या लुई जोलिए या प्रवाशाने, येथे थोडकी जमीन खणली तर सारा प्रदेश नावेने ओलांडता येईल, असे सुचविले होते; प्रत्यक्षात कालवा ९६ मैलांचा झाला आणि त्यास पावणेदोनशे वर्षे लागली.

१८१६ च्या तहाने पोटावाटोमी आदी मूळ रहिवाशांकडून या मार्गालगतचा पट्टा घेण्यात आला, आणि १८२७ साली अमेरिकन काँग्रेसने कालव्याच्या खर्चासाठी त्याच्या दुतर्फा पावणेतीन लाखांहून अधिक एकर जमीन इलिनॉय राज्यास बहाल केली. हीच जमीन कालव्याचा खजिना. तिचे भूखंड पाडून विकता यावेत म्हणून कालव्याच्या कमिशनरांनी १८३० साली मोजणीदाराकडून जो नकाशा करवून घेतला, त्यानेच शिकागो नगरीची आखणी झाली. ज्या महानगराचे श्रेय पुष्कळदा रेल्वेला दिले जाते, त्याचे जन्मपत्र असे कालव्याच्या दप्तरात सापडते.

४ जुलै १८३६ रोजी खोदाईस आरंभ झाला. पुढच्याच वर्षी आर्थिक संकट कोसळले, राज्याची तिजोरी हळूहळू रिती झाली, आणि कुदळ-फावड्यांनी चुनखडीचा खडक फोडणाऱ्या, हिवतापाने जर्जर झालेल्या आयरिश मजुरांच्या हाती नाण्यांऐवजी कागदी चिठ्ठ्या पडू लागल्या, ज्यांस बाजारात पुरते मोल येत नसे. मुख्य अभियंता विल्यम गुडिंग यांचे नाव आदराने घेतले जाते व ते योग्यच आहे. परंतु त्या अनामिक मजुरांचे ऋण मला त्याहून मोठे वाटते. अखेर काम थांबले, आणि १८४५ साली लंडन व न्यूयॉर्क येथील धनकोंनी, कालवा व त्याची जमीन विश्वस्तांच्या ताब्यात देण्याच्या शर्तीवर, १६ लाख डॉलर उभे केले तेव्हाच ते पुन्हा मार्गी लागले. मात्र सरोवराचे पाणी आपोआप वाहून यावे इतके खोल खणण्याचा बेत सोडून ब्रिजपोर्ट येथे पंपांनी पाणी चढविण्यावर समाधान मानावे लागले.

एप्रिल १८४८ मध्ये 'जनरल थॉर्नटन' ही नौका न्यू ऑर्लिन्सची साखर घेऊन शिकागोस पोहोचली. काठाने चालणारी खेचरे नौका ओढीत. शिकागोकडे मका येई, परतीस इमारती लाकूड जाई. पाचच वर्षांत समांतर लोहमार्ग आल्यावर उतारू त्याकडे वळले, तरी जड मालाची वाहतूक १८८२ साली कळसास पोहोचली, आणि कालव्याच्या स्वस्त दरामुळे रेल्वेलाही आपले भाडे आवरावे लागे. तत्पूर्वी, १८७१ साली, विश्वस्तांनी कर्ज फेडून कालवा राज्याच्या स्वाधीन केला होता. पुढे १९०० साली खुल्या झालेल्या मोठ्या कालव्याने त्याचे महत्त्व ओसरले, आणि १९३३ मध्ये त्यावरील व्यापारी वाहतूक बंद झाली.