कप्तानाची जीभ

‘म्यूटिनी ऑन द बाउंटी’ हा १९३५ चा बोलपट ज्यांनी पाहिला असेल, त्यांस चार्ल्स लॉटनने उभा केलेला कप्तान ब्लाय विसरणे शक्य नाही. प्राण गेलेल्या खलाशाच्या पाठीवरही उरलेले फटके पुरे करवून घेणारा हा पुरुष पाहताना अंगावर काटा येतो. त्या वर्षीचे सर्वोत्कृष्ट चित्राचे ऑस्कर पारितोषिक या बोलपटास मिळाले, ते उगीच नव्हे. परंतु इतिहास म्हणून पाहू गेल्यास त्यात बरीच खोट आहे.

बाउंटी डिसेंबर १७८७ मध्ये इंग्लंडहून निघाली, ती ताहितीची ब्रेडफ्रूटची रोपे वेस्ट इंडीजला नेण्यासाठी. तेथील उसाच्या मळ्यांतील गुलामांस स्वस्त अन्न मिळावे, हा हेतू. ब्रेडफ्रूट म्हणजे आपल्या कोकणातला नीरफणस. त्याच्या कापा आवडीने खाणाऱ्यांस या फळापायी जगप्रसिद्ध बंड झाले, हे सांगूनही खरे वाटत नाही. चित्रपटात खलाशाला दोराने बांधून जहाजाच्या तळाखालून ओढून काढतात. बाउंटीवर असे कधी घडले नाही. बंडखोरांच्या शोधास गेलेल्या ‘पँडोरा’चा कप्तानही ब्लाय नव्हता, एडवर्ड एडवर्ड्‌स होता. समकालीन कप्तानांच्या मानाने ब्लायने फटके कमीच मारविले. त्याची जीभ मात्र विखारी होती. २७ एप्रिल १७८९ रोजी काही नारळ कमी भरले, तेव्हा त्याने फ्लेचर ख्रिश्चनला सर्वांसमक्ष चोर ठरविले. दुसऱ्या दिवशी पहाटे बंड झाले.

शिक्षकाच्या पेशातील माणसास हा तपशील बोचल्यावाचून राहत नाही. वर्षांपूर्वी शाळा सोडून गेलेला एक विद्यार्थी अलीकडे भेटला. मी दिलेली छडी तो साफ विसरला होता. त्याच्या वडिलांच्या धंद्यावरून वर्गात मी काढलेला एक शब्द त्याला पाठ होता. मला तो आठवतही नव्हता.

आमच्या मच्छ्याहून समुद्र पाहावयाचा तर घाट उतरावा लागतो. पण बाउंटीची आठवण देणारी घटना आपल्या मुंबई बंदरातच घडलेली आहे. ‘तलवार’ हे जहाज नव्हे, कुलाब्यातील संदेशवहन शिकविणारे नौदलाचे ठाणे. तेथील गोरा अधिकारी कमांडर किंग हिंदी खलाशांस ‘कुलींची पोरे’ अशा शिव्या देई. खलाशांनी तक्रारी केल्या, दाद लागली नाही. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी त्यांनी अन्न व काम दोन्ही नाकारले. पाहता पाहता संप सुमारे ७८ जहाजांवर पसरला आणि वीस हजारांवर खलाशी त्यात उतरले.

येथेच चित्रपटाची वाट सोडावी लागते. एक दुष्ट कप्तान दाखविला की बाकीचे आरमार निर्दोष सुटते; १९३५ च्या बोलपटाने नेमके हेच केले आहे. शेवटी त्यातील प्रामाणिक तरुण अधिकारी माफी मिळून पुन्हा आरमाराच्या सेवेत रुजू होतो आणि प्रेक्षक निश्चिंत मनाने घरी जातात. मुंबईत किंगची बदली जाहीर झाली, तरी संप मिटला नाही! मागण्यांत किंगवरील कारवाई हे एक कलम होते. निकृष्ट अन्न, गोऱ्या खलाशांहून कमी पगार, आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका, इंडोनेशियातून हिंदी फौजा परत बोलावणे, ही कलमे त्याच यादीत होती. शिवीने ठिणगी पाडली. दारू आधीच कोठारभर साठलेली होती.

२१ तारखेस कॅसल बॅरॅक्समध्ये गोळीबार झाला. २२ ला मुंबईचे गिरणी कामगार संपावर गेले. त्या धुमश्चक्रीत दोनशेहून अधिक माणसे मेली. परळच्या कमल दोंदे त्यांतल्याच. सरदार पटेलांच्या सल्ल्यावरून २३ ला खलाशांनी शस्त्रे खाली ठेवली.

ब्लाय पुढे व्हाइस अॅडमिरल झाला. मुंबईचे शेकडो खलाशी नोकरीतून काढले गेले आणि १९४७ नंतर ना भारताच्या नौदलाने त्यांस परत घेतले, ना पाकिस्तानच्या.