पेडवे, दही आणि पेप्टाइड: बीपीची गोळी मात्र बंद करू नका

मालवण : 'पेप्टाइड'च्या महागड्या पावडरींच्या जाहिराती आता गावातल्या मोबाइलवरही दिसतात. हे पेप्टाइड आहे तरी काय?

प्रोटीन म्हणजे अमिनो ॲसिडच्या मण्यांची लांब माळ. जेवण पचताना किंवा दूध विरजताना ती तुटते. साधारण दोन ते वीस मण्यांचे जे तुकडे पडतात, त्यातले काही शरीरात वेगळं काम करतात. ते बायोॲक्टिव्ह पेप्टाइड. काही तुकडे रक्तवाहिन्या आवळणाऱ्या एसीई एन्झाइमला अडवतात. ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषातल्या अशाच पेप्टाइडवरून कॅप्टोप्रिल ही बीपीची गोळी निघाली. १९८१ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली.

जपानमध्ये सार्डिन, म्हणजे आपले पेडवे, आणि आंबवलेलं दूध यांतून असे पेप्टाइड वेगळे काढले गेले. पण अन्नातून होणारा परिणाम लहान असतो आणि सगळ्या चाचण्यांत तो सारखा दिसलेला नाही. त्यामुळे पेडवे, दही, कुळथाची पिठी जरूर खा, पण गोळीच्या जागी नको. खारा सुका बांगडा तर बीपीवाल्याने जपूनच खावा, त्यातलं मीठच बीपी चढवतं. मूत्रपिंडाचा आजार किंवा माशांची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पावडर घेऊ नये.

बाजारातल्या बऱ्याच कोलॅजन पावडरी माशांच्या कातडी-खवल्यांपासून बनतात. कोचीच्या केंद्रीय मत्स्य प्रौद्योगिकी संस्थेने या कामाचं तंत्र विकसित केलं आहे. आपल्याकडे मासे साफ केल्यावर तेच खवले उकिरड्यावर जातात.