बिनधान्याची खारी बिस्किटे : शेंगदाण्याचे कूट, जवस आणि कढीपत्ता

धान्याचे पीठ मुळीच न वापरता सुक्या मेव्याच्या पिठापासून लाटून भाजलेली पातळ, खुसखुशीत, मसालेदार खारी बिस्किटे पाश्चात्त्य देशांत 'ग्रेन-फ्री क्रॅकर्स' या नावाने ओळखली जातात. तिकडे ती बहुधा बदामाच्या पिठाची असतात. नांदेड-लातूरच्या स्वयंपाकघरात बदामाची जागा शेंगदाण्याने घ्यावी, हे ओघानेच आले. भाजीत, कोशिंबिरीत, खिचडीत आणि चटणीत रोज पडणारे शेंगदाण्याचे कूट हे एका अर्थी मेव्याचे पीठच होय. फक्त ते बिस्किटासाठी वापरताना दळण्याची रीत बदलावी लागते, आणि शेंगदाण्याची निवड पुष्कळच काटेकोरपणे करावी लागते.

धान्य वगळून आहार घेण्याची कल्पना मुळात औषधोपचारातून आली. गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा 'सीलिअॅक' नावाचा विकार आहे. त्याचे कारण ठाऊक नव्हते, त्या काळी म्हणजे १९२४ साली अमेरिकेतील डॉ. सिडनी हास यांनी अशा मुलांना केळ्यांवर आधारलेला, पिष्ट पदार्थ टाळणारा आहार सुचवला. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास हॉलंडमधील डॉ. विलेम डिके यांनी या रोगाचे मूळ गव्हात असल्याचे दाखवून दिले. हास यांची आहारपद्धती पुढे एलेन गॉट्सचॉल यांच्या पुस्तकामुळे लोकप्रिय झाली आणि बदामाच्या पिठाची भाजणी घरोघरी पोहोचली.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अगत्याचे आहे. ग्लुटेन वर्ज्य असणे आणि धान्य वर्ज्य असणे या दोन निराळ्या बाबी आहेत. ग्लुटेन गव्हात, सातूत आणि राय या धान्यात असते. ज्वारी, बाजरी व तांदूळ यांत ते नसते. त्यामुळे ज्याला सीलिअॅक विकार आहे अशा मराठवाड्यातील माणसाला बदामाच्या महागड्या बिस्किटांवाचून अडण्याचे कारण नाही. ज्वारीची भाकरी त्याच्या ताटात निर्धोकपणे राहू शकते. ज्वारी गव्हाच्या चक्कीवर दळलेली नसावी एवढेच पाहावे. बिनधान्याची बिस्किटे उपयोगी पडतात ती ज्यांना वैद्यकीय सल्ल्याने पिष्ट पदार्थ कमी करावयाचे आहेत त्यांना, आणि आपल्याकडील फार मोठ्या वर्गाला, म्हणजे उपवास करणाऱ्यांना.

माहूरच्या रेणुकामातेचे नवरात्र असो की लातूरच्या सिद्धेश्वराची महाशिवरात्र, उपवासाचा फराळ हा आपला जुना बिनधान्याचा आहार आहे. राजगिरा हे गवतवर्गीय धान्य नव्हे, शिंगाडा हे पाणवनस्पतीचे फळ, साबुदाणा कंदाच्या पिष्टाचा. अपवाद भगरीचा. भगर अथवा वरई हे खरे तर भरड धान्यच. रूढीने तिला उपवासात स्थान दिले, ही गोष्ट वेगळी. जे वैद्यकीय कारणाने धान्य टाळतात त्यांनी 'उपवासाचे आहे, म्हणजे चालेल' असे समजून भगरीचे पीठ वापरू नये.

भगरीचा उल्लेख आणखी एका कारणासाठी करावा लागतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यातील कोष्टवाडी येथे एकादशीच्या महाप्रसादात आमटी-भगर खाल्ल्यानंतर दोन हजारांवर लोकांना उलट्या-जुलाबाचा त्रास झाला होता. उपवासाच्या दिवसांत भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या मराठवाड्यात वरचेवर येतात आणि प्रत्येक वेळी सुटे पीठ न घेता भगर निवडून घरीच दळावी, असा सल्ला दिला जातो. ओलाव्याने पिठात बुरशी वाढते आणि दळलेल्या पिठात ती डोळ्यांना दिसत नाही. शेंगदाण्याच्या बाबतीत हा सल्ला अधिकच लागू पडतो.

ओलसर राहिलेल्या शेंगदाण्यावर अॅस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि ती अफ्लाटॉक्सिन हे विष निर्माण करते. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले, तेव्हा त्यांच्या खाद्यातील शेंगदाण्याच्या पेंडीत या विषाचा प्रथम शोध लागला. यकृताचा कर्करोग होण्याशी त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. घरच्या भाजणीने ते पुरते नष्ट होत नाही. यास्तव उपाय एकच : दाणे अखंड विकत घ्यावेत, ताटात पसरून एकेक पाहावेत आणि सुरकुतलेले, काळपट, फुटलेले, हिरवट झाक असलेले व कडू लागणारे दाणे निर्दयपणे काढून टाकावेत. बाजारातील तयार कूट या कामी घेऊ नये, आणि तेलघाण्यावरील पेंड तर नकोच. तेल निघून गेल्यामुळे ती बिस्किटाला सोयीची वाटते खरी, परंतु ती जनावरांच्या खाद्यासाठी साठवलेली असते.

दाण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. लातूरला मराठवाडा कृषी विद्यापीठाचे गळीतधान्य संशोधन केंद्र आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सहकार्याने विकसित झालेला आणि २००७ मध्ये प्रसारित झालेला 'टीएलजी-४५' हा टपोऱ्या दाण्याचा भुईमूग आपल्या नावातच 'ट्रॉम्बे लातूर' मिरवतो. सोयाबीनने या भागातील भुईमुगाचे बरेच क्षेत्र बळकावले असले, तरी पाण्याची सोय आहे तेथे उन्हाळी भुईमूग अजून घेतला जातो. उन्हाळ्यात कडक उन्हात वाळलेल्या त्या शेंगा पावसात सापडलेल्या मालापेक्षा या कामाला केव्हाही बऱ्या.

आता कृतीकडे वळू. सुमारे ४० बिस्किटांसाठी २०० ग्रॅम सोललेले शेंगदाणे, ३० ग्रॅम जवस, २० ग्रॅम तीळ, पाऊण चहाचा चमचा मीठ आणि सुमारे ७५ मिलिलिटर कोमट पाणी लागते. सुगंधासाठी वाळवून चुरलेला कढीपत्ता व कसुरी मेथी मिळून दोन मोठे चमचे, अर्धा चमचा ओवा आणि थोडी जाडसर मिरपूड. वेगळे तेल घालू नये. शेंगदाण्यात जवळपास निम्मे तेलच असते आणि वरून घातलेले तेल बिस्किटाला तुपकट करते.

दाणे मंद आचेवर केवळ साले सुटेपर्यंतच भाजावेत. चटणीसाठी भाजतो तसे खरपूस भाजले तर भट्टीत ते दुसऱ्यांदा भाजले जाऊन करपतात. भाजल्यावर ते पूर्ण गार होऊ द्यावेत. गरम दाणे मिक्सरमध्ये घातले की तेल सुटते आणि पिठाऐवजी लगदा हाती येतो. बहुतेकांची फसगत होते ती येथेच. भांडे अर्धेच भरावे, मिक्सर एका दमात न फिरवता दोन-तीन सेकंदांचे झटके द्यावेत, मध्येच चमच्याने तळ मोकळा करावा व बारीक रव्याएवढे झाले की थांबावे. रव्याच्या चाळणीने चाळून वर उरलेला चाळ पुन्हा फिरवावा.

गव्हाच्या कणकेला ग्लुटेनचा चिवटपणा असतो. या पिठाला तो नाही. नुसते पाणी घालून मळले तर गोळा होतो, पण लाटताना भेगाळतो आणि भाजल्यावर भुगा होतो. परदेशी कृतींत त्यासाठी अंडे असते. आपल्याकडे हे काम जवसाने उत्तम होते. मराठवाड्याच्या जेवणात जवसाची चटणी नित्याची, पण त्याचा हा गुण सहसा ध्यानात येत नाही : जवसाची बारीक पूड कोमट पाण्यात पंधरा मिनिटे ठेवली की दाट बुळबुळीत चिकी तयार होते. तीच येथे बांधणी. ही चिकी, कूट, तीळ, मीठ व मसाला एकत्र करून घट्ट गोळा करावा आणि वीस मिनिटे झाकून ठेवावा. ज्यांच्या घरी जवस व ओवा उपवासाला चालत नाही, त्यांनी जवसाऐवजी ५० ग्रॅम राजगिऱ्याचे किंवा शिंगाड्याचे पीठ कढत पाण्यात भिजवून घ्यावे, तिळाचाही रिवाज घरी पाहावा, साध्या मिठाच्या जागी सैंधव आणि ओव्याच्या जागी जिरे घ्यावे. ही बिस्किटे किंचित कडक होतात.

गोळा बटर पेपरच्या दोन तावांमध्ये ठेवून दोन ते तीन मिलिमीटर जाडीचा लाटावा. जाडी सगळीकडे सारखी असणे हे चवीपेक्षाही महत्त्वाचे. कडा पातळ राहिल्या तर मधला भाग शिजेपर्यंत त्या काळ्या पडतात. वरचा कागद काढून शंकरपाळ्याच्या कातण्याने चौकोन पाडावेत, काट्याने टोचे मारावेत आणि खालच्या कागदासह पत्रा ओव्हनमध्ये सरकवावा. ओव्हन आधी १६० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला असावा. १८ ते २२ मिनिटांत कडा बदामी होतात. कडेची आधी काढून घ्यावीत आणि बाकीची ओव्हन बंद करून दार किलकिले ठेवून आतच वीस मिनिटे वाळू द्यावीत. गरम असताना ती मऊच लागतात, म्हणून आणखी भाजण्याचा मोह टाळावा. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या जुन्या पातेल्यात मिठाचा थर तापवून, वर जाळी व ताटली ठेवून, झाकण लावून मंद आचेवर थोडी-थोडी भाजता येतात. रंग मात्र एकसारखा येत नाही.

दिवाळीत नानकटाई गल्लीतल्या बेकरीच्या भट्टीवर भाजून आणण्याची आपल्याकडे रीत आहे, तशी हीही आणता येतील. सीलिअॅकच्या रुग्णासाठी करावयाची असतील, तर मात्र बेकरीची वाट धरू नये. तेथील पत्र्यांवर, टेबलावर, हवेतसुद्धा मैदा असतो. ग्लुटेनमुक्त म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंतच ग्लुटेन चालते. न पुसलेल्या पत्र्यावरचा मैदा ही मर्यादा सहज ओलांडू शकतो.

शेंगदाणा हा भुईमुगाच्या, म्हणजे द्विदल कुळातील वनस्पतीचा दाणा. काही कडक आहारपद्धती त्यामुळे त्यालाही वर्ज्य मानतात. त्यांनी सोललेल्या बदामाचे पीठ त्याच प्रमाणात घ्यावे. ज्यांना शेंगदाण्याची अॅलर्जी आहे त्यांनी ही बिस्किटे चाखूनही पाहू नयेत, आणि पाहुण्यांपुढे ठेवताना ती कशाची आहेत हे सांगावे, कारण दिसण्यावरून ते कळत नाही.

'धान्य नाही, म्हणजे हलके' हा समजही खरा नाही. वरील प्रमाणातील एक बिस्कीट सुमारे ३५ कॅलरींचे भरते. दहा खाल्ली तर ५० ग्रॅम पिठाच्या दोन ज्वारीच्या भाकरींइतक्या कॅलरी पोटात जातात, आणि गप्पांच्या ओघात दहा कधी संपतात ते कळतही नाही. रक्तातील साखर ती भाकरीइतकी वाढवत नाहीत हे खरे, पण वजन कमी करू पाहणाऱ्याने चार-पाचांवर थांबावे.

पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ती आठवडाभर टिकतात. लातूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा जवसाचे आणि शेंगदाण्याचे तेल लवकर खवट होते. त्या दिवसांत डबा फ्रिजमध्ये ठेवावा व अर्ध्या प्रमाणातच करावीत. पावसाळ्यात नरम पडली तर १२० अंशांवर सात-आठ मिनिटे पुन्हा तापवावीत. सोबत घट्ट दही किंवा लसणाची ओली चटणी असावी. उपवासाच्या दिवशी नुसते दही.