विजेने हसवलेला चेहरा

छायाचित्रात एक बोळका म्हातारा बसला आहे. डोळे विस्फारलेले, भुवया चढलेल्या, तोंड उघडे. समोर काहीतरी भयंकर घडते आहे असे पाहणाऱ्याला वाटावे. प्रत्यक्षात समोर फक्त कॅमेरा आहे, आणि शेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरने दोन विद्युतशलाका म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर टेकवल्या आहेत. भीती त्याच्या मनात नाही. विजेने ती स्नायूंत उभी केली आहे.

हा डॉक्टर म्हणजे गियोम द्युशेन (1806–1875). कोणत्याही रुग्णालयात कायमची नेमणूक नसताना तो पॅरिसमधल्या रुग्णालयांत फिरून पक्षाघाताचे रुग्ण तपासत असे. त्वचेवरून प्रवाह देऊन एकेक स्नायू वेगळा आकुंचित करता येतो, हे त्याने दाखवून दिले. हाच प्रयोग चेहऱ्यावर केला, तर भावनांची वर्णमालाच हाती येईल असे त्याला वाटले. पण विजेने उमटलेली मुद्रा चित्रकाराच्या हाताला सापडण्याआधीच मावळे. म्हणून 1850 च्या दशकात त्याने कॅमेरा हाती घेतला. सुरुवातीच्या काही छायाचित्रांत नादार या विख्यात छायाचित्रकाराचा भाऊ आद्रिआँ तूर्नाशाँ याची त्याला मदत झाली. मानवी मुद्रांच्या यंत्रणेवरचा त्याचा सचित्र ग्रंथ 1862 मध्ये प्रसिद्ध झाला.

हा म्हातारा जोडे शिवणारा होता. द्युशेनने त्याला निवडले ते त्याच्या चेहऱ्याची संवेदना गेली होती म्हणून. विजेचे चटके त्याला जाणवत नसत. जणू स्नायू अजून जिवंत असलेल्या प्रेतावर काम करावे तसे आपल्याला करता आले, अशा अर्थाचे द्युशेनने स्वतःच लिहून ठेवले आहे. ग्रंथावर डॉक्टरचे नाव राहिले. चेहरा मात्र नुसता ‘म्हातारा’ म्हणून ओळखला गेला.

गंमत अशी की द्युशेनचा सर्वांत टिकाऊ शोध विजेच्या मर्यादेचाच आहे. ओठांचे कोपरे वर खेचणारा स्नायू आपल्या इच्छेने हलतो. डोळ्यांभोवतीचा स्नायू मात्र मनापासून आनंद झाल्याशिवाय सहसा साथ देत नाही, असे त्याने नोंदवले. या खऱ्या हसण्याला आजचे मानसशास्त्र ‘द्युशेन स्मित’ म्हणते.

चार्ल्स डार्विनने ही छायाचित्रे लोकांना दाखवून पाहिली. म्हाताऱ्याचे स्वाभाविक हसू सर्वांनी तत्काळ ओळखले. केवळ ओठ ताणून विजेने आणलेले हसू त्याने 24 जणांना दाखवले. त्यातल्या तिघांना काहीच बोध होईना. बाकीच्यांना ते हसूच वाटले, पण कोणाला दुष्टपणाचे, तर कोणाला ओढूनताणून आणलेले. 1872 मध्ये भावाभिव्यक्तीवरचा आपला ग्रंथ काढताना डार्विनने द्युशेनचा भयभीत म्हातारा त्यात घेतला, पण लाकडी ठशात कोरून, आणि त्या विद्युतशलाका वगळून. भीती राहिली, ती ज्याने उभी केली तो हात चित्रातून गेला.

भावना सगळ्या मानवजातीत सारख्याच व्यक्त होतात का, हा डार्विनचा खरा प्रश्न होता. त्यासाठी त्याने 1867 मध्ये 16 प्रश्नांची यादी जगभरातल्या परिचितांकडे धाडली. आश्चर्याने भुवया चढतात का, लाजेने चेहरा लाल होतो का, असे ते प्रश्न. 36 जणांची उत्तरे आली. त्यांतला एक जण होता मुंबई इलाख्यातल्या अहमदनगर जिल्ह्यात राहिलेला एर्स्किन. त्याने इथल्या लोकांचे चेहरे न्याहाळले, पण खात्रीचा निष्कर्ष काढणे त्याला अवघड गेले. युरोपीय माणसासमोर आपल्या भावना झाकून ठेवण्याची या लोकांना सवयच आहे, हे त्याने दिलेले कारण डार्विनने ग्रंथाच्या प्रस्तावनेत नोंदवले आहे.

डार्विनच्या लेखी ही निरीक्षणातली अडचण होती. माझ्या मते ती त्या ग्रंथातल्या महत्त्वाच्या निष्कर्षांपैकी एक आहे. चेहरा ही केवळ स्नायूंची यंत्रणा नाही. समोर कोण उभे आहे यावरही तो ठरतो. साहेबासमोर काय दिसू द्यायचे नाही, हे नगरच्या रयतेला पक्के ठाऊक होते. पुणे आणि नगर जिल्ह्यांत 1875 मध्ये दख्खनचे दंगे पेटले आणि शेतकऱ्यांनी सावकारांकडची कर्जखते जाळली. तो राग साहेबांवर नव्हता, सावकारांवर होता. पण शांत चेहऱ्यामागे काहीच नसते, असे समजणाऱ्यांना त्यातून उत्तर मिळावे.

आज कॅमेऱ्यासमोरच्या उमेदवाराची किंवा कामगाराची मनःस्थिती ओळखण्याचा दावा संगणक करतात. युरोपीय संघाने कामाच्या ठिकाणी आणि शाळांत अशा यंत्रणांवर, वैद्यकीय व सुरक्षेची कारणे वगळता, बंदी घातली आहे. ज्याची नोकरी समोरच्याच्या हाती आहे, त्याचा चेहरा नगरच्या त्या माणसांपेक्षा मोकळा असेल असे धरून चालायला काहीच आधार नाही. म्हणून असे कोणतेही छायाचित्र पाहताना कोणता स्नायू हलला याच्या आधी एक प्रश्न विचारावा: कॅमेऱ्यामागे कोण होते, आणि समोरच्याला नाही म्हणता येत होते का?