न रडवणाऱ्या कांद्याची गोष्ट

कांदा चिरायला घेतला की डोळ्यांना धार लागते, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. जेवायला बसल्यावर कांदा बुक्कीनं फोडायचा, वरचा पापुद्रा काढायचा आणि भाकरीबरोबर खायचा. नाकातोंडातून झिणझिण्या आल्या तर कांदा चांगला! तिखटपणा हा आपण कांद्याचा गुणच मानतो. त्यामुळे कांद्यात थोडी साखर, व्हिनेगर आणि तेल घालून त्याचं पातळसर गोड मिश्रण करायचं आणि ते कच्च्या पाल्यावर ओतून खायचं, असं कुणी सांगितलं तर आपल्याला जरा विचित्रच वाटेल.

पण अमेरिकेत हा पदार्थ घरोघरी होतो. तिथल्या दुकानांत त्याच्या बाटल्या मिळतात आणि अनेक बाटल्यांवर कांद्याच्या जातीचं नव्हे, तर एका गावाचं नाव असतं : व्हिडेलिया. या नावामागे एक शेतकरी आहे, एक बाजार आहे, कायदे आहेत, कोर्टकचेऱ्या आहेत आणि माणसांचे हालही आहेत. कोशिंबिरीवर घालायच्या चार चमचे रसात एवढं सगळं मुरलेलं असतं, म्हणून आज त्याविषयी बोलावंसं वाटलं.

सुरुवात बर्म्युडापासून करू. अटलांटिक महासागरातल्या या चिमुकल्या बेटांवरून एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कला जहाजं भरभरून कांदा जात असे. बी यायचं कॅनरी बेटांवरून. कांदा सौम्य, कच्चा खाण्याजोगा. या व्यापारानं बर्म्युडाला असं काही घडवलं, की तिथले लोक आजही स्वतःला कौतुकानं ‘अन्यन’, म्हणजे कांदा, म्हणवून घेतात. पुढे टेक्सासच्या शेतकऱ्यांनी त्याच जातीचं बी आणून आपल्याकडे लावलं. मग अमेरिकेनं परदेशी मालावर जकात बसवली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी बर्म्युडाचा व्यापार ओसरत गेला. गंमत अशी, की टेक्सासात पिकलेला कांदाही ‘बर्म्युडा कांदा’ म्हणूनच विकला जाई. नाव राहिलं, पीक मात्र दुसऱ्याच्या शेतात गेलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे पुन्हा तिच्यापाशी यायचं आहे.

आता 1931 साल. अमेरिकेत महामंदीचे दिवस होते. जॉर्जिया राज्याच्या टूम्ब्ज परगण्यातल्या मोझेस कोलमन नावाच्या शेतकऱ्यानं कांदा लावला. काढणीच्या वेळी त्यानं चाखून पाहिलं तर कांदा तिखट नाहीच, गोड! बिचारा आधी गोंधळला असणार, कारण कांदा तिखटच असायला हवा हा समज तिथेही होता. पण त्यानं तो विकायला नेला आणि 50 पौंडांची, म्हणजे सुमारे 23 किलोंची गोणी साडेतीन डॉलरला गेली. त्या मंदीत हा भाव मोठा होता. शेजारपाजारच्यांनी हे पाहिलं आणि तेही कांद्याकडे वळले.

1940 च्या दशकात राज्य सरकारनं व्हिडेलिया गावी शेतमालाचा बाजार बांधला. गाव मोठ्या रस्त्यांच्या नाक्यावर होतं. येणारेजाणारे प्रवासी थांबत, कांदे घेत आणि घरी जाऊन सांगत, ‘व्हिडेलियाचे कांदे आणलेत.’ अशा तऱ्हेनं शेतकऱ्यानं नव्हे, तर गिऱ्हाइकानं या कांद्याचं बारसं केलं. तरीही 1970 च्या दशकाच्या मध्यापर्यंत हा कांदा सहाशे एकरांच्या आसपासच होता. नंतर मात्र त्याची कीर्ती देशभर पसरली.

हा कांदा रडवत का नाही? बरेच जण म्हणतात, त्यात साखर जास्त असते. तसं नाही. साठवणीच्या तिखट कांद्यातही साखर तेवढीच, कधी कधी जास्तही असते. फरक असतो तो तिखटपणा देणाऱ्या गंधकाच्या संयुगांत. कांद्याच्या पेशीत ही संयुगं एका कप्प्यात आणि त्यांना फोडणारं एन्झाइम दुसऱ्या कप्प्यात असतं. सुरी फिरली की कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते आणि तिखट, झोंबणारी द्रव्यं तयार होतात. डोळ्यांत पाणी आणणारा वायू तयार करायला आणखी एक वेगळं एन्झाइम लागतं, हे जपानी शास्त्रज्ञांनी 2002 साली दाखवून दिलं. पुढे 2013 साली त्यांना त्यासाठी ‘इग नोबेल’ हे आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं पारितोषिक मिळालं.

जॉर्जियाच्या त्या भागातली जमीन रेताड आहे आणि पाऊस भरपूर. पावसाबरोबर जमिनीतलं गंधक खाली वाहून जातं. कांद्याला गंधक कमी मिळालं की तिखटाचा कच्चा मालच अपुरा पडतो आणि एरवी झाकलेला गोडवा जिभेला जाणवतो. जमिनीइतकंच बियाणंही महत्त्वाचं. कॅलिफोर्नियात डेव्हिस इथे हेन्री जोन्स या संशोधकाला 1925 साली परागकण न देणारं कांद्याचं एक झाड सापडलं आणि त्यातून संकरित कांद्याचा मार्ग खुला झाला. त्या वाटेनं पुढे ‘ग्रॅनेक्स’ ही जात आली. तिच्या वंशावळीत बर्म्युडाचा जुना कांदा आहे. आजचा व्हिडेलिया कांदा प्रामुख्यानं याच कुळातला. म्हणजे ज्या बेटाचं पीक टेक्सासनं पळवलं, त्याचंच रक्त जॉर्जियाच्या कांद्यात आलं.

आता हे सगळं स्वयंपाकघरात कसं येतं ते पाहू. कोशिंबिरीवर तेल, आंबट आणि मीठ घालण्याची रीत युरोपात फार जुनी. अमेरिकी गृहिणी त्यात किसलेल्या कांद्याचा रस घालत. किसणीवर कांदा किसायचा म्हणजे रडारड आलीच. 1930 च्या दशकाच्या अखेरीस फ्रेड वेअरिंग या वाद्यवृंदाच्या संचालकानं, हो, संगीतवाल्यानंच, ‘ब्लेंडर’ हे यंत्र बाजारात आणलं. हे यंत्र घरोघरी पोचल्यावर आख्खा कांदाच वाटून घेणं सोपं झालं. त्यात गोड कांदा मिळाल्यावर तर प्रश्नच मिटला.

कृती साधी आहे. एक मध्यम गोड कांदा, पाव वाटी सफरचंदाचं व्हिनेगर, दोन चमचे साखर किंवा मध, चमचाभर वाटलेली मोहरी, अर्धा चमचा मीठ आणि अर्धी वाटी बिनवासाचं तेल. वरून थोडी खसखस. क्रम मात्र महत्त्वाचा. कांदा नुसता वाटू नये. व्हिनेगरमध्ये टाकून मगच वाटावा. आंबटपणामुळे ते तिखट करणारं एन्झाइम मंदावतं आणि कांदा झोंबत नाही. मग मीठ, साखर, मोहरी घालावी आणि शेवटी तेल बारीक धारेनं, यंत्र चालू ठेवून.

मोहरी चवीसाठी असते, तशीच तेल आणि पाणी बांधून ठेवण्यासाठीही असते. मोहरीच्या सालीत चिकट द्रव्य असतं, त्यामुळे तेलाचे बारीक थेंब पुन्हा एकमेकांत मिसळत नाहीत आणि मिश्रण दाट राहतं. आपल्या आज्या लोणच्यासाठी आणि कोशिंबिरीसाठी मोहरी फेसायच्या, तेव्हा हेच करत होत्या. कांद्याला मीठ चोळून पाणी काढणं, दह्यात कालवणं, लिंबू पिळणं, हे उपायही कांद्याचा जोर कमी करण्याचेच. म्हणून आपल्याकडच्या कांद्याचं हे मिश्रण करायचं झालं, तर कांदा कापून थंड पाण्यात थोडा वेळ ठेवावा, नाहीतर मंद आचेवर परतून घ्यावा. पण परतलेला कांदा तेलात बुडवून उबेत ठेवू नये. अमेरिकेतल्या पिओरिया शहरात 1983 साली एका उपाहारगृहात असाच परतून, स्निग्धात झाकून उबदार ठेवलेला कांदा खाऊन 28 जणांना बॉट्युलिझम ही भयंकर विषबाधा झाली होती. घरी केलेलं मिश्रण फ्रीजमध्ये ठेवावं आणि तीन-चार दिवसांत संपवावं.

आता पुन्हा नावाकडे येऊ. कीर्ती वाढली, भाव वाढला, तशी नक्कलही आली. दुसरीकडचा कांदा आणायचा, व्हिडेलियाच्या गोणीत भरायचा आणि विकायचा. बर्म्युडाच्या वाट्याला जे आलं, ते आपल्या वाट्याला येऊ नये म्हणून जॉर्जियाचे शेतकरी सरकारकडे गेले. 1986 साली राज्यानं कायदा केला : ठरावीक वीस परगण्यांत, त्यांतल्या काहींच्या तर काही भागातच, पिकलेल्या कांद्यालाच हे नाव लावता येईल. 1989 साली केंद्र सरकारचाही आदेश निघाला. 1990 साली हा कांदा जॉर्जियाची अधिकृत भाजी ठरला. पुढे नावाचा हक्क राज्याच्या कृषी खात्याकडे आला. आता बाटलीवर हे नाव छापायचं तर खात्याची परवानगी घ्यावी लागते.

पाणीदार कांदा टिकत नाही, ही दुसरी अडचण होती. एप्रिल ते जूनचा हंगाम संपला की सगळं संपलं. 1990 च्या सुमारास सफरचंदाच्या व्यापाऱ्यांची युक्ती उचलून ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त ठेवलेल्या थंड खोल्यांत कांदा ठेवू लागले आणि तो महिनोन्‌महिने मिळू लागला. हे मिश्रण बाटलीत भरण्यामागेही तोच हिशेब : दिसायला डावा पण चवीला चांगला कांदा वाया जात नाही आणि नाव वर्षभर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर राहतं. पुढे नियमांवरून भांडणंही झाली. भाव चांगला म्हणून काही जण कच्चाच कांदा बाजारात आणतात, अशी तक्रार होऊ लागली, तेव्हा 2013 साली कृषी खात्यानं एप्रिलअखेरीच्या आधी कांदा पाठवायचा नाही असा नियम केला. एक बडा उत्पादक कोर्टात गेला. वाद चालला आणि अखेर खात्याची बाजू टिकली.

नावाची राखण अशी चोख झाली. पण त्या शेतात वाकलेल्या माणसाची?

व्हिडेलिया कांदा नाजूक. रोप हातानं लावायचं, कांदा हातानं काढायचा, पात आणि मुळं हातानं छाटायची. हे काम करतात मुख्यतः मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेले मजूर. 1998 सालच्या मे महिन्यात, ऐन काढणीत, बेकायदा स्थलांतरितांविरुद्ध सरकारी धाडी पडल्या. मजूर पळाले, कांदा शेतात राहिला. राज्यातल्या लोकप्रतिनिधींनी ओरड केली आणि पीक निघेपर्यंत धाडी थांबवण्याची तडजोड झाली. माणूस बेकायदा होता, पण कांदा निघेपर्यंत चालणार होता!

त्याहून भीषण गोष्ट 2021 साली उघड झाली. दक्षिण जॉर्जियात मजुरांच्या तस्करीबद्दल 24 जणांवर केंद्र सरकारनं आरोपपत्र ठेवलं. त्यात म्हटलं होतं, की परदेशातून कायदेशीर व्हिसावर आणलेल्या मजुरांची कागदपत्रं काढून घेतली जात, बंदुकीचा धाक दाखवून त्यांना उघड्या हातांनी कांदे उकरायला लावत आणि बादलीमागे 20 सेंट देत. किमान दोघांचा मृत्यू झाल्याचंही त्यात नमूद होतं. सरकारनं या तपासाला दिलेलं नाव होतं ‘ब्लूमिंग अन्यन’, म्हणजे फुलणारा कांदा.

1931 साली एका गोणीला साडेतीन डॉलर मिळाले म्हणून एक शेतकरी हरखला होता. नव्वद वर्षांनी त्याच प्रदेशात बादलीमागे 20 सेंटची गोष्ट आरोपपत्रात लिहिली गेली. सगळेच शेतकरी असे नाहीत, हे खरंच. पण कांदा कुठल्या परगण्यात पिकला हे गोणीवर छापायला कायदा आहे. तो कुणी उकरला, किती मजुरीवर उकरला, हे मात्र गोणीवर कुठेच छापलेलं नसतं.

हे सांगताना मला आपला अलिबागचा पांढरा कांदा आठवतो. भाताचं पीक निघाल्यावर उरलेल्या ओलीवर होणारा, चवीला सौम्य, माळा गुंफून विकला जाणारा. त्यालाही आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि दुसरीकडचा पांढरा कांदा अलिबागचा म्हणून खपवला जातो, ही तिथल्या शेतकऱ्यांची तक्रारही तीच जुनी आहे. घरी ते मिश्रण करून पाहायचं असेल तर हा कांदा घ्या, छान जमतं. फक्त माळ घेताना विकणाऱ्या बाईंना विचारा, कुठल्या गावचा कांदा, आणि माळा गुंफायला तुम्हाला काय पडतं? उत्तर ऐकून मग भावाची घासाघीस करायची की नाही, ते ठरवा.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)