भिजत घोंगडे : एका उबेचा इतिहास

'भिजत घोंगडे' हा वाक्प्रचार शिकवताना आपण 'रेंगाळलेले काम' एवढा अर्थ सांगतो आणि पुढच्या शब्दाकडे वळतो. पण घोंगडे भिजले तर काम का रेंगाळावे, हा प्रश्न वर्गात क्वचितच निघतो. त्याचे उत्तर शब्दकोशात शोधण्यापेक्षा माढा, सांगोला, माळशिरस या भागाच्या वस्तुजीवनात शोधावे, असे आम्हांस वाटते.

मोडनिंब परिसरातील जुने घर मुख्यतः उन्हाळ्यासाठी बांधलेले : जाड भिंती आणि वर मातीचे माळवद. चौदाव्या शतकातील जपानी लेखक केन्को यानेही घर उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून बांधावे, असे म्हटले आहे. अशा घरात हिवाळा निभवायचा तर खोलीऐवजी माणसालाच ऊब द्यावी लागते. जपान्यांनी त्यासाठी 'कोतात्सु' योजले : बुटक्या मेजाखाली निखारे, वरून रजई आणि भोवती पाय आत घेऊन बसलेले कुटुंब. निखाऱ्यांची जागा आता विजेने घेतली आहे. आपल्याकडे हेच काम शेकोटी आणि घोंगडी यांनी वाटून घेतले. शेकोटी अंगणात विझे. रात्रभराची सोबत घोंगडीची.

दख्खनी मेंढीची काळी, राठ लोकर धनगरांनी कातरावी, तिचे सूत काढावे, चिंचोक्याची खळ द्यावी आणि सनगरांनी मागावर विणावे, अशी ही परस्परावलंबी व्यवस्था होती. लोकरीत हवा अडकते, म्हणून ऊब टिकते. पावसाची सर लगेच आत झिरपत नाही, म्हणून मेंढपाळ घोंगडीचीच खोळ करतो. मात्र ती एकदा पुरती भिजली, की उचलवत नाही आणि लवकर वाळतही नाही. वाक्प्रचारामागचा अनुभव तो हा.

या वस्तूचे सांस्कृतिक वजनही मोठे आहे. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) या ग्रंथात पंढरीच्या दैवताचे मूळ गवळी-धनगरांच्या परंपरेत शोधले. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) याच मेंढपाळ जगाची कादंबरी.

सोलापुरात १८७७ साली कापडगिरणी सुरू झाली. पुढे तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या हातून सोलापुरी चादर नावारूपाला आली. ती सुती, नक्षीदार आणि धुण्यास सोपी. २००५ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. घोंगडीची पीछेहाट मात्र थांबली नाही. आज राठ लोकरीला भाव उरलेला नाही. मेंढी मुख्यतः मांसासाठी पाळली जाते, आणि अंगावर लोकर जेमतेम असलेल्या माडग्याळ मेंढीकडे पशुपालकांचा ओढा आहे. बाजारात कृत्रिम धाग्यांची स्वस्त ब्लँकेटे आहेत.

यात पशुपालकाला दोष देता येत नाही. ज्या लोकरीतून कातरणीची मजुरीही सुटत नाही, ती त्याने कोणासाठी राखावी? घोंगडी देव्हाऱ्यापुरती आणि जागरणापुरती उरली, तर तिचे पावित्र्य टिकेल, पण मेंढी, माग आणि सनगराचा हात टिकणार नाही. मग वाक्प्रचाराचा अर्थ पाठ असलेल्या पिढीला भिजल्या घोंगडीचे ओझे केवळ ऐकून माहीत असेल.